काकांच्या डब्यातले व्हॉल्व्ह आणि टिफ्रॅक

शुक्रवारी दुपारी साडेचारला मेल आला. ज्या सिस्टीमवर आमच्या टीमने अडीच वर्षं घासली ती मार्चअखेर बंद. तिच्या जागी बाहेरून विकत घेतलेलं तयार प्रॉडक्ट येणार. मेलमध्ये 'आपल्या योगदानाबद्दल आभार' वगैरे होतंच. नोकऱ्या शाबूत आहेत, सगळ्यांना दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकणार आहेत, तेव्हा रडगाणं गाण्यासारखं खरं तर काही नाही. पण रात्री सरळ गाडीत बसलो आणि घरी आलो. पहाटे जालना गेलं, परतूर गेलं, आणि सेलूच्या फलाटावर उतरलो तेव्हा बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही.

घरी माळा साफ करायचं काम निघालं होतं. त्यात काकांच्या दुकानाचं सामान सापडलं. आमच्या काकांचं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. दहा बाय बाराचा गाळा. मी शाळेत असताना ते बंद झालं, कारण टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं लोकांना परवडायला लागलं. तर त्या सामानात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता, आणि डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले रेडिओचे व्हॉल्व्ह. काचेच्या नळ्या, खाली पिना, काहींवर बीईएलची पुसट झालेली छापील अक्षरं.

काका माझ्यामागं येऊन उभे राहिले. "काय बघायलास रे? टाकून द्यायचे ते. आता कोण विचारतंय त्याला."

मी म्हणालो, "काका, आपल्या देशात बनवलेला पहिला मोठा कॉम्प्युटर याच्यावरच चालत होता."

काकांचा विश्वास बसला नाही. "रेडिओच्या व्हॉल्व्हवर? हिशेब?"

मग शनिवारचा अख्खा दिवस त्यात गेला. आजचा लेख म्हणजे तो दिवस, थोडा नीट मांडून.

सुरुवात जिन्यातल्या दिव्यापासून करतो, कारण काकांनाही मी तिथूनच सांगितलं. जिन्यात खाली एक बटण असतं, वर एक असतं. दिवा बंद असेल तर कुठलंही बटण दाबा, तो लागतो. लागलेला असेल तर कुठलंही दाबा, तो विझतो. घरोघरी असं वायरिंग काकांनी आयुष्यभर केलंय, दोन टू-वे स्विच वापरून. आता खालच्या बटणाला 'अ' म्हणा, वरच्याला 'ब'. खटका एका बाजूला असला की ०, दुसऱ्या बाजूला असला की १. दोघांपैकी नेमका एकच १ असेल तर दिवा लागतो. दोन्ही ० किंवा दोन्ही १ असतील तर लागत नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला याला 'एक्स-ऑर गेट' म्हणतात आणि त्यावर मार्क मिळतात. :)

आणि दोन साधे स्विच एकामागे एक जोडले तर? दोन्ही चालू असतील तरच दिवा लागेल. हा 'अँड गेट'.

आता गंमत बघा. ० आणि १ या दोनच अंकांत बेरीज करायची तर ०+० म्हणजे ०, ०+१ म्हणजे १, आणि १+१ म्हणजे '१०', म्हणजे शून्य लिहून हातचा एक. लिहायचा अंक कधी १ येतो? दोघांपैकी नेमका एक १ असेल तेव्हा. म्हणजे जिन्यातला दिवा. हातचा कधी येतो? दोन्ही १ असतील तेव्हा. म्हणजे एकामागे एक जोडलेले स्विच. झाली बेरीज! मोठे आकडे असतील तर हेच एका स्थानाकडून पुढच्या स्थानाकडे हातचा देत करायचं, शाळेत करायचो तसंच.

काका म्हणाले, "हे तर वायरिंगच आहे की रे."

अगदी बरोबर. पण हे 'वायरिंगच आहे' हे कळायला जगाला नव्वद वर्षं लागली. इंग्लंडच्या जॉर्ज बूल यांनी १८४७ मध्ये तर्काचं बीजगणित मांडलं आणि १८५४ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०, आणि 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांची गणितं. त्यांच्याच काळातले दुसरे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन. हे जन्मले आपल्याकडे मदुराईला, १८०६ मध्ये. वडील कंपनी सरकारच्या फौजेत होते. डी मॉर्गनचा नियम घरगुती भाषेत असा: 'दूध आणि साखर दोन्ही आहे' हे खोटं असेल, तर 'दूध नाही किंवा साखर नाही'. ऐकायला बावळट वाटतं, पण याच नियमामुळे 'आणि'चं काम 'किंवा' आणि 'नाही' वापरून करता येतं. सर्किट करणाऱ्याला हे वरदान आहे. हाताशी एकाच जातीचे गेट असले तरी त्यांतून सगळं बनवता येतं.

पण बूल आणि डी मॉर्गन यांच्या डोक्यात वायर नव्हती. ती आणली क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने. १९३७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, एमआयटीत मास्टर्सच्या प्रबंधात त्याने दाखवलं की रिले आणि स्विच यांची कुठलीही जोडणी बूलच्या बीजगणितात लिहिता येते, आणि उलट बीजगणितातलं कुठलंही सूत्र वायरिंग करून उभं करता येतं. एवढंच. त्याआधी टेलिफोन एक्स्चेंजची गुंतागुंतीची सर्किटं अनुभवी माणसं अंदाजाने, सवयीने करत. त्यानंतर ती कागदावर मांडता आणि कमी करता यायला लागली. त्या 'कमी करण्याची' सोपी रीत, ज्या के-मॅपने आमच्या पिढीला छळलं तो, मॉरिस कार्नो यांनी १९५३ मध्ये छापला. हे साल लक्षात ठेवा, कारण पुढच्याच वर्षी गोष्ट मुंबईत येते.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, होमी भाभांनी १९४५ मध्ये सुरू केली. तेव्हा आमचं सेलू निजामाच्या राज्यात होतं. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं तरी आमच्याकडे ते पोचलं नव्हतं, ते १७ सप्टेंबर १९४८ ला आलं. पुढं १९४९ मध्ये टीआयएफआर गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. भौतिकशास्त्रातल्या संशोधनाला प्रचंड आकडेमोड लागते, ती हाताने करणं अशक्य, आणि मशीन आणायचं तर परदेशातून, परकीय चलन मोजून. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने तसं केलंही, १९५५ मध्ये इंग्लंडहून एचईसी-२एम हे मशीन आणलं. मुंबईत ठरलं की आपण स्वतः बनवायचं.

१९५४ मध्ये रंगस्वामी नरसिंहन टीआयएफआरमध्ये आले. टेलिकम्युनिकेशनचे इंजिनिअर, आणि नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएच.डी. त्यांच्या हाताखाली जमलेली टीम लहान होती, बरीचशी भौतिकशास्त्र शिकलेली तरुण मुलं. कॉम्प्युटर डिझाईन केलेला एकही माणूस त्यात नव्हता. (हे वाचलं आणि मला आमच्या टीमच्या पहिल्या मीटिंगची आठवण झाली.) त्यांच्यासमोर आधार होता तो प्रिन्स्टनच्या आयएएस मशीनचा. फॉन नॉयमन, बर्क्स आणि गोल्डस्टाईन यांनी १९४६ पासून त्या मशीनच्या तार्किक रचनेचे अहवाल लिहून मोकळेपणाने वाटले होते. जगभरात कितीतरी ठिकाणी त्यावरून मशीनं उभी राहिली. मुंबईचं मशीन त्याच घराण्यातलं.

त्यांनी एक शहाणपणा केला. थेट मोठं मशीन न करता आधी एक लहान 'पायलट मशीन' केलं, स्वतःची सर्किटं खरंच चालतात का ते बघायला. ते १९५६ च्या अखेरीस चालू झालं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला, म्हणजे सेलू आणि हे मशीन एकाच राज्यात आले म्हणा! मग मोठ्या मशीनचं काम सुरू झालं, आणि फेब्रुवारी १९६० मध्ये ते कामाला लागलं. महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा अजून तीन महिने होते. त्याला धड नावही नव्हतं. जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले, तेव्हा त्यांनी ते ठेवलं: टिफ्रॅक. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर.

आता थोडे आकडे. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. १८ फूट लांब, अडीच फूट रुंद, ८ फूट उंच पोलादी सांगाडा. (काकांनी लगेच मनात गाळा मोजला. "दार मोडावं लागलं असतं.") व्हॉल्व्हच्या फिलामेंटला साधारण दोन ते चार वॅट लागतात हे काकांनीच सांगितलं. म्हणजे २,७०० व्हॉल्व्ह नुसते तापवायलाच पाच ते दहा किलोवॅट. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, पण मुंबईच्या उकाड्यात ही शेगडी पेटलेली डोळ्यांपुढं आणा.

मेमरी २,०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करा: ८१,९२० बिट. फेराइटच्या बारीक बारीक कड्या, प्रत्येक बिटाला एक कडी, त्यातून तारा ओवलेल्या. आजच्या मापात १० किलोबाइट. आपली देवनागरी आज ज्या पद्धतीने साठवली जाते तिच्यात एका अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून सुमारे ३,४०० चिन्हं. हा लेख त्यात जेमतेम एक तृतीयांश मावला असता. एकदा मेमरीत जाऊन यायला १५ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला सहासष्ट हजार फेऱ्या. शिवाय आकडे आणि आलेख दाखवायला कॅथोड रे ट्यूबचा पडदासुद्धा होता.

इथं काकांनी एक प्रश्न विचारला, जो मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कुणी विचारला नव्हता. "व्हॉल्व्ह म्हातारा होतो रे. एमिशन कमी होतं. रेडिओत तसा व्हॉल्व्ह असला तर आवाज बारीक येतो. इतक्या सगळ्यांत एक जरी म्हातारा झाला तर हिशेब चुकणार की."

माझ्या मते डिजिटल सर्किटचं मर्म याच्या उत्तरात आहे. रेडिओत व्हॉल्व्हला 'किती' असं विचारतात. आवाज किती मोठा करतोस? त्यामुळे थोडा अशक्त झाला की लगेच कळतं. टिफ्रॅकसारख्या मशीनमध्ये त्याच व्हॉल्व्हला फक्त 'हो की नाही' एवढंच विचारतात. एका ठराविक पातळीच्या वर असेल तर १, दुसऱ्या पातळीच्या खाली असेल तर ०, आणि मधला पट्टा मुद्दाम रिकामा सोडलेला. व्हॉल्व्ह थोडा थकला, रेझिस्टर दहा टक्के इकडेतिकडे झाला, तरी उत्तर तेच. आणि पुढचा प्रत्येक टप्पा आलेला मरगळलेला सिग्नल पुन्हा पूर्ण १ किंवा पूर्ण ० करून पुढं देतो, म्हणजे चूक साठत जात नाही. एक बिट धरून ठेवायला दोन ट्रायोड एकमेकांच्या पायात पाय घालून जोडायचे. एक चालू असेल तर दुसऱ्याला बंद ठेवतो, दुसरा बंद म्हणून पहिला चालू राहतो. ही फ्लिप-फ्लॉपची युक्ती एक्ल्स आणि जॉर्डन यांनी १९१८ मध्येच काढली होती.

म्हणजे बेभरवशाच्या मालातून भरवशाचं काम काढायचं. काका यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण पार मेला तर?" पार मेला तर मात्र शोधून बदलायचा. त्याला इलाज नाही.

आम्हाला कॉलेजात हे सगळं ७४०० मालिकेच्या आयसींवर शिकवलं. काळा किडा, चौदा पाय, आत चार नँड गेट. ब्रेडबोर्डची निम्मी भोकं सैल होती, आणि ट्रेनर किटवरचा दिवा लागला नाही तर सर्किट चुकलं की दिवाच गेलाय हे कुणालाच कळायचं नाही. जर्नल उतरवून काढायचं, ट्रुथ टेबल पाठ म्हणायचं, तोंडी परीक्षेत फ्लिप-फ्लॉपचे प्रकार सांगायचे. जिन्यातल्या दिव्याचं उदाहरण कुणी दिलं नाही, आणि असं एक मशीन मुंबईत बनलं होतं हेही नाही.

बरं, आता कडू भाग. टिफ्रॅक सुरू झाला तेव्हाच तो जुना झालेला होता. ट्रान्झिस्टर आले होते. आयबीएमने १९५९ मध्येच ट्रान्झिस्टरवरचा १४०१ जाहीर केला होता. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे कैक पटींनी ताकदवान मशीन आलं, आणि टिफ्रॅकचं काम संपलं. पाच वर्षंसुद्धा धड नाही. त्याच्या नकला निघाल्या नाहीत, कारखाना उभा राहिला नाही. पुढं बरीच वर्षं भारतातल्या कचेऱ्यांत परदेशी मशीनंच होती. म्हणजे बांधायला जेवढा वेळ लागला जवळजवळ तेवढ्याच वेळात भंगार. बाहेरून विकत आणलेल्या तयार मशीनने त्याची जागा घेतली. शुक्रवारच्या मेलनंतर हे वाक्य मला जरा जास्तच लागलं, हे कबूल करतो.

मी काकांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते म्हणतील, असंच असतं. त्यांनी त्यांचं दुकान तसंच जाताना पाहिलंय. पण ते म्हणाले, "मशीन गेलं ते ठीकाय. माणसं कुठं गेली?"

मग ते शोधलं. नरसिंहन १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या संस्थेत सत्तरच्या दशकात सॉफ्टवेअर आणि संगणनाचं राष्ट्रीय केंद्र निघालं. त्याचंच पुढं १९८५ मध्ये जुहूचं एनसीएसटी झालं. भारतातलं इंटरनेट ज्या अर्नेट प्रकल्पातून सुरू झालं त्यात हे एनसीएसटी होतं, आणि '.इन' हे आपलं नाव १९८९ मध्ये त्यांच्याच हवाली झालं. १९७५ मध्ये सरकारने सीएमसी कंपनी काढली, तिच्या उभारणीतही नरसिंहन होते. १९७८ मध्ये आयबीएम देश सोडून गेली तेव्हा तिची मशीनं सांभाळली ती सीएमसीने. आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत रेल्वेचं पहिलं संगणकीय आरक्षण उभं केलं तेही सीएमसीनेच. शुक्रवारी रात्री मोबाईलवर काढलेल्या माझ्या सेलूच्या तिकिटाची वंशावळ तिथपर्यंत जाते.

हे सगळं टिफ्रॅकमुळेच झालं असं म्हणणं खोटं ठरेल. इतर अनेक माणसं, अनेक संस्था होत्या. भाभा अणुसंशोधन केंद्राचा टीडीसी-१२ होता, पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा परम ८००० होता, अगदी २०१९ मध्ये आयआयटी मुंबईचा 'अजित' हा प्रोसेसर आहे. पण एवढं नक्की की १९५४ मध्ये कॉम्प्युटर आतून कसा असतो हे माहीत असलेली माणसं देशात बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि १९६४ मध्ये परदेशी मशीन आलं तेव्हा ते उघडून त्याच्याकडे न घाबरता बघू शकणारी एक पिढी इथं तयार होती. तयार मशीन आधीच विकत आणलं असतं तर ती झाली नसती.

संध्याकाळी काकांनी जुन्या सामानातून दोन डबल पोल टॉगल स्विच काढले, बॅटरीचे दोन बल्ब, सेल आणि वायर. पुठ्ठ्यावर अर्ध्या तासात बेरीज करणारं सर्किट तयार. डावा बल्ब हातच्याचा, उजवा अंकाचा. दोन्ही खटके वर केले की उजवा विझतो आणि डावा लागतो. एक अधिक एक बरोबर दोन. काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी माळ्याचं काम अर्धवट टाकलंत होय?" :)

रात्री काकांनी माझ्या ऑफिसचं विचारलं. मी मेलचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या सिस्टीममध्ये काय कसं केलंय, हे तुम्ही कुठं लिहून ठेवलंय का?" नाही. अडीच वर्षांत काय काय फसलं, कुठला निर्णय का घेतला, रात्री दोनला कुठली चूक कशी सापडली, ते सगळं अकरा जणांच्या डोक्यात आहे, आणि एप्रिलमध्ये ते अकरा जण अकरा ठिकाणी असतील. प्रिन्स्टनच्या तिघांनी लिहून वाटलं म्हणून मुंबईच्या पोरांना सुरुवात करता आली. काकांनी मात्र दुकान चालवताना कधी काही लिहून ठेवलं नाही. ते स्वतःच म्हणाले, "माझं गेलं तसंच."

सोमवारी टीमला विचारणार आहे. मार्चपर्यंत वेळ आहे, रोज एक तास काढून लिहायला बसूया का म्हणून. किती जण येतील माहीत नाही.

माळा रविवारी पूर्ण झाला. व्हॉल्व्हचा डबा मी सोबत घेऊन आलोय. पुठ्ठ्यावरचं सर्किट मात्र काकांनी दिलं नाही, शेजारच्या पोराला दाखवायचंय म्हणाले.